हार्टनं गेला

आमच्याकडं माणूस मरतो तो हार्टनंच. मोटर चालू करायला गेलेला विहिरीवरच बसला, हार्ट. पंगतीतून उठता उठता कोसळला, हार्ट. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही, मग तर विचारायलाच नको. खरं काय झालं होतं ते देव जाणे. मेंदूत रक्त सांडलं असेल, पोटात काही फुटलं असेल. पण ते बघायचं तर चिरावं लागतं, आणि चिरू द्यायला कुणी तयार होत नाही. आईबाप हात जोडतात, म्हणतात, गेला तो गेला, आता त्याचे हाल नकोत. मग डॉक्टर मान हलवतो आणि दाखल्यावर 'हृदयविकाराचा तीव्र झटका' असं लिहितो. चौकशी नाही, पोलीस नाहीत, दिवस मावळायच्या आत माणूस घरी. कृष्णेकाठच्या आमच्या तालुक्यात ही रीतच आहे, आणि ती दयेपोटी पडलेली आहे. सगळ्यांनी पाळली, मीही पाळली, त्यात कुणाला काही वाईट वाटलं नाही.

घोटाळा एवढाच झाला की त्या दाखल्यांवरून एक यंत्र शिकलं.

मी हेमांगी चौगुले. इथल्या सन्मती ट्रस्टच्या दवाखान्यात कॅज्युअल्टी सांभाळते. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात, ते खरं आहे. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण आम्ही त्याला तात्या म्हणतो. प्रत्येक गावात कट्ट्यावर एक तात्या असतोच, ज्याच्याकडं प्रश्न विचारायच्या आधी उत्तर तयार असतं. आमचा तात्या तसाच. दारातून पेशंट आत आला की तो कॅमेऱ्यातून त्याची चाल, रंग, घाम बघतो, आवाज ऐकतो, मनगटाला पट्टा लावला की हृदयाचा आलेख घेतो, बोटातलं थेंबभर रक्त तपासतो. पेशंट खाटेवर आडवा होईपर्यंत भिंतीवर निदान उमटतं आणि पुढं टक्के.

हे त्याला येतं कसं, तर त्याला दक्षिण महाराष्ट्रातल्या लाखो पेशंटांची माहिती दिली होती. आला तेव्हा कसा होता आणि शेवटी त्याचं काय झालं, एवढंच. शरीर आतून कसं चालतं हे त्याला कुणी शिकवलं नाही. समोरचा माणूस कुणासारखा दिसतोय ते तो हुडकतो, आणि त्या माणसांचं शेवटी जे लिहिलं गेलं, तेच याचंही होणार म्हणतो. उगाच त्याला शिव्या घालणार नाही मी. तात्या यायच्या आधी खऱ्या हार्टची निम्मी माणसं मोठ्या शहरात पोचायच्या आत रस्त्यातच जायची. आता रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथंच दिलं जातं, आणि ती माणसं आठवड्यानं चालत घरी जातात. मी स्वतः कितीतरी जणांना तसं जाताना बघितलंय.

म्हणूनच सरकारनं नियम केला. तात्यानं नव्वद टक्क्यांच्या वर हार्ट सांगितलं की दहा मिनिटांत इंजेक्शन जायलाच पाहिजे. देणाऱ्या डॉक्टरला पुढं कुणी काही विचारणार नाही. थांबवणाऱ्याला मात्र सगळं विचारणार, आणि पेशंट गेला तर परवानाही जाणार. आणखी एक जुनाच नियम होता: रक्ताच्या नात्यातला पेशंट असेल तर निर्णय दुसऱ्या डॉक्टरनं घ्यायचा. तो नियम मला योग्यच वाटायचा.

एका बुधवारी दुपारी माझा धाकटा भाऊ संमेद आला. पद्मजानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गाडी चालवत आणलं होतं. ठिबक सिंचनाचं दुकान आहे त्याचं, चाळिशीचा गडी, साखरेचा आजार अंगावर काढून बारा वर्षं झालेली. औषधं वेळेवर घेईल तर शपथ. दोन दिवस एका लग्नात जेवणं झोडली होती. आत आला तो चालतच, पण शर्ट घामानं भिजलेला आणि चेहरा पिठासारखा पांढरा. उचकी थांबत नव्हती. मला बघून हसला आणि म्हणाला की काल दुपारपासनं कोण एवढी आठवण काढतंय ते बघ जरा अक्का. मी त्याला गप्प पडून राहायला सांगितलं.

कुठं दुखतंय विचारलं तर डावा खांदा जरा भरून आल्यासारखा वाटतोय म्हणाला. छाती? नाही. पोट? नाही, जरा तट्ट वाटतंय, लग्नातली जिलेबी बसली असेल. चक्कर मात्र येत होती. रक्तदाब खाली, नाडी पळत होती, आणि आलेखावर हार्टच्या झटक्यात दिसतो तसा बदल. तात्यानं भिंतीवर लिहिलं: हृदयविकाराचा झटका, चौऱ्याण्णव टक्के. खाली कारणांत एक ओळ होती, वडील हृदयविकारानं मृत. आमचे दादा, म्हणजे वडील, चार वर्षांपूर्वी असेच एका संध्याकाळी घामाघूम होऊन गेले होते, आणि आईच्या शब्दाखातर दाखल्यावर तेच लिहिलं गेलं होतं.

मीही हार्टच समजून चालले होते. मग सिस्टरनं रक्त काढलेली नळी माझ्यासमोर धरली. रक्त लाल नव्हतं, गुलाबी होतं. दोन मिनिटं उभी ठेवली तर वरच्या बाजूला साय धरल्यासारखा पांढरा थर आला. रक्तात चरबी इतकी वाढली की ते असं दुधाळ होतं, आणि एवढी चरबी पहिला घाव घालते तो स्वादुपिंडावर.

हे स्वादुपिंड जठराच्या मागं आडवं पडलेलं असतं. अन्न पचवणारे जालीम रस ते बनवतं, पण ते रस आतड्यात पोचल्यावरच जागे व्हायचे असतात. कधी ते आतच जागे होतात, आणि मग पिंड स्वतःलाच पचवायला लागतं. असा पेशंट सहसा ओळखायला अवघड नसतो. पोटातून पाठीत आरपार कळ जाते, माणूस गुडघे छातीशी घेऊन वाकून बसतो, ओकतो, ओरडतो. पण साखरेनं ज्याच्या नसा बधिर झाल्यात त्याला ती कळ जाणवतच नाही. मग सूज छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचते आणि उचकी लागते, खांदा दुखतो. रस रक्तात उतरले की दाब कोसळतो, घाम फुटतो, हृदयाचा आलेखसुद्धा बिघडतो. पोट बिचारं काही बोलतच नाही. अशा माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर त्या सडलेल्या पिंडातून रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही.

तात्यानं थेंबातून स्वादुपिंडाची तपासणी केली होती, ती नॉर्मल होती. मला तेच सतावत होतं आणि तेच सुचलंही. रक्त असं दुधाळ असलं की ती तपासणी खोटंच नॉर्मल दाखवते. रक्त पातळ करून पुन्हा करावी लागते. त्याला अर्धा तास. तात्याच्या घड्याळात सात मिनिटं उरली होती.

नात्याचा नियम होता, म्हणून निर्णय तौफिककडं गेला. डॉक्टर तौफिक बागवान, माझ्याच हाताखाली शिकलेला, हुशार आणि भित्रा. मी त्याला नळी दाखवली, सगळं सांगितलं. तो म्हणाला की मॅडम, तुम्ही म्हणता ते पटतंय, पण चरबीवाल्या माणसालाच हार्ट येतो ना? आणि ते खरंच हार्ट असलं आणि मी अर्धा तास बसून राहिलो तर? त्याचा प्रश्न वाजवी होता. माझ्याकडं पुरावा नव्हता, नुसती एक नळी होती. शेवटी तो म्हणाला की पेशंटच्या घरच्यांनी नको म्हटलं तर इंजेक्शन थांबवता येतं, नियमात तेवढी एक फट आहे. म्हणजे पद्मजानं नको म्हणायला हवं होतं.

पद्मजा शाळेत गणित शिकवते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरचे टक्के बघितले.

"अक्का, तुम्ही किती टक्के म्हणताय?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणून विचारलं असतं तर मी साठ म्हटलं असतं, सत्तर म्हटलं असतं. पण तो माझा संमेद होता. माझं ऐकून तिनं थांबवलं आणि तो गेला तर जन्मभर मी त्याची मारेकरीण. तात्याचं ऐकून गेला तर कुणीच नाही. हा हिशोब माझ्या डोक्यात त्या वेळी आला, आणि आला याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले की मला खात्री नाही.

तिनं मान खाली घातली आणि तात्या म्हणतोय तसं करा म्हणून सांगितलं. तौफिकनं इंजेक्शन दिलं.

पहिली वीस मिनिटं काही झालं नाही. संमेद माझ्याशी बोलत होता, दुकानात पाइपांचा माल यायचाय, सही कोण करणार म्हणून विचारत होता. मग त्याला एकदम थंडी वाजायला लागली. पोट फुगायला लागलं, बेंबीभोवती निळसर डाग उमटला, तेव्हा मला जे कळायचं ते कळलं. आम्ही रक्त चढवलं, इंजेक्शनचा परिणाम उलटवणारी औषधं दिली, गाडी मागवली. पातळ करून केलेल्या तपासणीचं उत्तर आलं तेव्हा स्वादुपिंडाचा आकडा मशीनच्या मोजपट्टीबाहेर होता. तौफिक तो कागद हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. संमेदनं शेवटी मला अक्का म्हणून हाक मारली की नुसता श्वास सोडला, ते मला नक्की सांगता येत नाही. ऊन अजून खिडकीत होतं.

आई आली. ट्रस्टचे आप्पासाहेबही आले, त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की चौगुल्यांच्या घरी त्रास नको, नेहमीसारखं करा. तात्याच्या यादीत हार्ट लिहिलेलंच होतं, नुसतं बोट लावायचं होतं. तौफिकवर ठपका येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यानं यंत्राचं ऐकलं होतं. कुणालाच काही करायचं नव्हतं. सगळं अगदी सोपं होतं.

मी कोपऱ्यात बसले होते आणि मला आमचे दादा आठवत होते. तोच घाम, तीच उचकी. आम्ही त्यांना पाणी पाजत होतो आणि ते खांदा चोळत होते. एवढी चरबी रक्तात आपोआप येत नाही, ती घराण्यातून येते. दादांकडून संमेदला आली असणार, आणि संमेदकडून समृद्धीला. त्याची पोरगी. नववीत आहे, बॅडमिंटन खेळते, आजोबांसारखंच गोड खायला हपापलेली. पंधरा-वीस वर्षांनी ती अशीच कुठल्यातरी दारातून आत येईल. तात्या बघेल: आजोबा हार्ट, बाप हार्ट. चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याण्णव होतील आणि सुई तयार असेल.

आणि आमचंच घर कशाला? पोट न दुखता स्वादुपिंडानं गेलेली किती माणसं आम्ही हार्टनं पोचवली असतील? प्रत्येक दाखला तात्याला एकेक धडा देत गेला, की असा दिसणारा माणूस म्हणजे हार्ट. आम्ही दया केली, आणि त्या दयेवर ते बेणं पोसलं.

यंत्राचा निकाल फिरवायचा तर एकच वाट होती. शरीर उघडून, आतला तुकडा तपासून, पुरावा द्यायचा. नुसत्या रक्ताच्या आकड्यावर तात्या मरणाचं लिहिलेलं कारण बदलत नाही. मी उठले आणि पद्मजाला बाजूला घेतलं. समृद्धीचं नाव घेतलं. ती गणित शिकवते, तिला मांडणी समजावावी लागली नाही. ती नुसती म्हणाली, "मघाशीच तुम्ही असं ठामपणे बोलला असता तर?" मग तिनं हो म्हटलं.

आईला सांगायचं काम माझं होतं. आमच्या जैनांत दिवस मावळल्यावर तोंडात अन्न घालत नाहीत, किडामुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पितात. त्या बाईला मी सांगत होते की तुझ्या पोराचं पोट चिरायचंय, आज न्यायचं नाही, उद्या न्यायचं. तिनं आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग माझा हात धरला, मऊ आवाजात म्हणाली की हेमा, तू मोठी डॉक्टर आहेस, तुझ्या शब्दानं होतंय सगळं, त्याला तसाच घरी ने बाळ. मी नाही म्हणाले. समृद्धीचं सांगितलं, दादांचं सांगितलं. दादांचं सांगायला नको होतं. चार वर्षांपूर्वी चिरू नका म्हणून पदर पसरणारी तीच होती, आणि मी तिला त्याच घडीला सांगत होते की त्यातूनच हे झालं. तिनं माझा हात सोडला.

"तुझ्या हातचं पाणी आता मला नको," ती म्हणाली.

संमेदला दुसऱ्या दिवशी दुपारी घरी नेला, पांढऱ्या कापडात शिवून. पोराला अंघोळ घालायला आईनं मला जवळ येऊ दिलं नाही. दारात उभी राहून मी बघितलं. भाऊबंद माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? तेराव्यानंतर मी घरी जायची थांबले. पद्मजा फोन करते, समृद्धीची तपासणी झाल्याचं तिनंच कळवलं. पोरीच्या रक्तात ती चरबी आहे. आता तिला औषध सुरू आहे आणि जिलेबी बंद आहे.

अहवाल आला. हृदय स्वच्छ होतं, एकही नळी तुंबलेली नव्हती. स्वादुपिंडाचा काळा चिखल झाला होता आणि भोवती सगळं रक्तच रक्त. मी तो अहवाल तात्याला दिला. तात्यानं घेतला, आभार मानले, शिकतो म्हणाला. महिन्याभरानं त्याची नवी आवृत्ती आली त्या दिवशी मी दार लावून संमेदचेच आकडे त्याला पुन्हा घातले. तोच घाम, तीच नाडी, तोच आलेख.

त्र्याण्णव टक्के.

पुण्याच्या कंपनीतल्या इंजिनियरला फोन केला. सभ्य मुलगा होता, समजावून सांगत होता. असे दिसणारे हजारो जण त्याच्याकडं हार्ट म्हणून आहेत मॅडम, त्यांच्यासमोर तुमचा एक. त्याच्या दृष्टीनं तो अपवाद आहे. मी विचारलं, मग काय करायचं? तो म्हणाला, "असे अजून पाठवा."

मी त्याला जे बोलले ते इथं सांगत नाही. फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले, संमेद गेल्यावर रडले नव्हते तेवढी. माझा भाऊ, माझी आई, माझं माहेर, सगळं त्या एका टक्क्यात गेलं होतं. पण त्या पोराचं चुकत नव्हतं. तौफिकला मी सांगितलं की इथून पुढं दुधाळ रक्त दिसलं की इंजेक्शन मी थांबवणार, परवाना गेला तर गेला. तो म्हणाला, आपण दोघं थांबवू. तेवढं आमच्या कॅज्युअल्टीपुरतं झालं. पण तात्या शंभर तालुक्यांत बसलाय, आणि तिथं मी नाही.

परवा सकाळी एकाला आणलं. पवनचक्कीवर दुरुस्तीचं काम करणारा, तिशीचा, साखरेचा पेशंट. दारातच गेलेला होता. मनगटावरच्या घड्याळातले शेवटचे आकडे वाचून तात्यानं हार्ट लिहिलं. बाकड्यावर त्याची आई बसली होती, छायाबाई सुतार. चुलते आत येऊन गेले, दाखला लवकर द्या म्हणाले. मी बाहेर आले. काल त्याला काय काय होत होतं ते छायाबाईंना विचारलं. खांदा धरून बसला होता, त्या म्हणाल्या, आणि उचकी काय केल्या थांबंना.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सरळच विचारलं, चिरू द्याल का. त्यांनी माझ्याकडं बघितलं ते असं, की मी थोबाडीत मारली असावी.

"तुमच्या घरच्याला असं फाडू दिलं असतं का तुम्ही?"

"दिलं," मी म्हणाले. "माझा धाकटा भाऊ होता."

मी दादांचं सांगितलं, समृद्धीचं सांगितलं, भिंतीवरचं यंत्र कसं शिकतं ते जमेल तसं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. आतून चुलत्यांचा आवाज येत होता, गाडी आली का म्हणून कुणीतरी विचारत होतं.

"आई हाय तुमची?" छायाबाईंनी विचारलं.

"आहे."

"बोलती तुमच्याशी?"

हो म्हणाले असते तर काम सोपं झालं असतं. "नाही," मी म्हणाले.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता या उठून जातील. पलीकडं भिंतीला टेकून त्यांची सून, म्हणजे गेलेल्याची बायको, बसली होती, पोटुशी होती, तिला अजून कुणी धड काही सांगितलंच नव्हतं. छायाबाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं.

"करा काय ते," त्या म्हणाल्या. "पर तिला तुमीच सांगा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी उठले आणि त्या पोरीकडं गेले.